देवी आली कुठून, गेली कुठे?

माझ्या वयाच्या बहुतेक बायकांच्या दंडावर देवी काढल्याचा व्रण आहे. नातींच्या दंडावर नाही. त्यांनी विचारलं की आपण ‘लस टोचली होती’ एवढंच सांगतो. पण नुसत्या लशीनं हा रोग गेला असता तर कधीच गेला असता. मुंबईत पहिली लस १८०२ सालीच टोचली गेली, तरी पुढं पावणेदोनशे वर्षं देवी आपल्यात होतीच.

हल्ली शाळेत मुलांना ‘संगणकीय विचार’ शिकवतात. डोंगराएवढं काम फोडून लहान करायचं, नको ते बाजूला सारायचं, आणि उरलेल्याचा असा क्रम लावायचा की कुणीही तो तसाच पार पाडावा. अहो, १९७४ साली बिहारच्या खेड्यांत हेच तर चाललं होतं, आणि तेही संगणकाशिवाय!

याचं मूळ नायजेरियात आहे. डिसेंबर १९६६ मध्ये तिथं विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरांकडे लस अपुरी होती. सगळ्यांना टोचणं शक्यच नव्हतं. त्यांनी मिशनऱ्यांच्या रेडिओवरून गावोगाव विचारणा केली, ‘देवीचा रोगी कुठं आहे?’ जिथं होता तिथं त्याच्याभोवती लशीचं कडं केलं. साथ थांबली.

या हिशेबाला रोगही सोयीचा होता. पुरळ तोंडावर दिसतं, लपत नाही. लागण झाल्यावर ताप यायला साधारण बारा दिवस जातात, आणि त्यातल्या पहिल्या तीन-चार दिवसांत लस मिळाली तर माणूस बहुधा वाचतो. (करोनात लक्षणं नसलेलाही रोग पसरवायचा, म्हणून साखळी हातातून निसटायची.)

भारतात १९७१च्या जनगणनेत ५४ कोटींवर माणसं. १९७३च्या ऑक्टोबरपासून आरोग्यसेवक देवी आलेल्या मुलाचं चित्र हातात धरून दारोदार फिरू लागले. रोगी सापडला की दाराशी रात्रंदिवस पहारा, आणि आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला लस. मग दोन प्रश्न. पुरळ आल्यापासून कोण कोण भेटलं? आणि ताप येण्याआधी बारा-पंधरा दिवस हा होता कुठं? पहिल्या प्रश्नानं रोग पुढं कुठं जाणार ते कळायचं, दुसऱ्यानं आला कुठून ते.

उत्तरं बहुतेक घरातल्या बाईकडंच असणार, असं मला वाटतं. मूल कुणाच्या अंगणात खेळलं, सासरहून कोण आलं होतं, हे दुसरं कोण सांगणार? पण इतिहासात नावं डॉक्टरांची.

दुसऱ्या प्रश्नाची करामत १९७४ साली दिसली. निरनिराळ्या राज्यांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या रोग्यांच्या वाटा मागं मागं नेल्या, तर त्या एकाच ठिकाणी मिळाल्या: टाटानगर. कामाच्या शोधात आलेली माणसं आजारी पडली की रेल्वेनं गावी परतत होती, आणि रोग त्यांच्याबरोबर तिकीट काढून शेकडो गावांत उतरत होता. टाटा कंपनीनं मग गाड्या, डॉक्टर, पैसा पुरवला. त्याच वर्षी पावापुरीतही साथ होती, आणि यात्रेकरूंबरोबर बाहेर गेली. शिखरजीला जाणाऱ्या आपल्या बायका पावापुरीच्या जलमंदिराचं दर्शन घेतल्याशिवाय परतत नाहीत. महावीरांच्या निर्वाणाचं २५००वं वर्ष त्याच दिवाळीला सुरू झालं. तेव्हा किती पावलं तिकडं वळली असतील, कल्पना करा.

भारतातला शेवटचा रोगी २४ मे १९७५ रोजी आसामात करीमगंजला सापडला. यंत्रणेचं मला मनापासून कौतुक आहे. पण तिच्या क्रमात ‘नको’ म्हणणाऱ्यासाठी पायरीच नव्हती. कड्यात एक फट राहिली तर सगळं वाया, हे गणित खरं. म्हणून रात्री दारं फोडली गेली, हेही खरं. त्या मोहिमेतल्या डॉ. लॅरी ब्रिलियंट यांनी सिंगभूममधल्या एका हो आदिवासी घराची हकीकत सांगितली आहे. घरधनी लस म्हणजे देवाच्या इच्छेआड येणं मानत होता. पथक दार मोडून आत शिरलं. तो आणि त्याची बायको दोघंही झुंजली, आणि दोघांनाही धरून टोचलं. झटापट संपल्यावर तो उठला, परसातली काकडी तोडली आणि घरी आलेले पाहुणे म्हणून त्यांच्यापुढं धरली.