डॅफोडिलचे सह्याद्रीतले भाऊबंद

आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी डॅफोडिल हे फूल आधी पाठ केले. पाहिले फार उशिरा, आणि बऱ्याच जणांनी तर पाहिलेच नाही. इंग्रजीच्या पुस्तकात वर्डस्वर्थची ती प्रसिद्ध कविता असायची. ‘पिवळ्या रंगाचे विलायती फूल’ एवढा अर्थ सांगून गुरुजी पुढच्या कडव्याकडे वळायचे. परीक्षेत आम्ही तेच लिहायचो आणि मार्कही मिळायचे. या फुलाचे नात्यातले कुणी आपल्या डोंगरात राहत असेल, हे तेव्हा मनातही आले नव्हते.

ते आले पुष्कळ वर्षांनी, ठाण्याला मानपाड्यात राहायला आल्यावर. मानपाडा म्हटले की लोकांना घोडबंदर रस्ता आणि त्यावरची वाहनांची रांग आठवते. पण वस्तीच्या पाठीमागेच येऊरचा डोंगर आहे. जूनमध्ये पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्या होत्या आणि मी शेजाऱ्यांबरोबर पायथ्याशी फिरायला गेलो होतो. ओल्या पाचोळ्यातून एक हिरवा दांडा वर आला होता आणि त्यावर पांढरेशुभ्र फूल होते. सहा पाकळ्या आणि मधोमध पातळ पेल्यासारखी वाटी. शेजारी म्हणाले, “अहो, हे तर पांढरे डॅफोडिल!” मीही मान डोलावली. तेवढ्यात रानभाजी खुडणारी एक बाई थांबून म्हणाली, “बाबा, त्याचा कांदा खाऊ नका हां. इखारी हाय.”

खायचा विचार नव्हताच. पण मी त्याहून वाईट काम केले. काठीने उकरून तो कंद घरी आणला, कुंडीत लावला आणि भर पावसाळ्यात प्रेमाने रोज पाणी घातले. ऑगस्टमध्ये कुंडीला वास येऊ लागला. माती उपसली तर कंदाचा चिखल झाला होता. पुढच्या जूनमध्ये त्याच वाटेवर गेलो, तेव्हा त्या जागी काहीच उगवले नव्हते. ते फूल कोणते, हेही मला तोवर ठाऊक नव्हते.

सुदैवाने फोटो काढून ठेवला होता. तो घेऊन वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राकडे गेलो. रेडिओवर फूल दाखवता येत नाही, म्हणून त्याने मला विचारलेले प्रश्नच सांगतो. पहिला प्रश्न : फुगीर अंडाशय पाकळ्यांच्या वर आहे की खाली? डॅफोडिलमध्ये तो खाली असतो, देठाला गाठ मारल्यासारखा. माझ्या फुलातही तसाच होता. दुसरा प्रश्न : मधली वाटी कशाची झाली आहे? इथे फरक निघाला. डॅफोडिलची वाटी स्वतंत्र असते आणि पुंकेसर तिच्या आत, वेगळे उभे असतात. माझ्या फुलात पुंकेसरांचेच तंतू खालच्या बाजूला एकमेकांना जोडून वाटी झाली होती आणि तिच्या काठावरून ते पुढे निघाले होते. तिसरा प्रश्न : बी कसे होते? बागांमध्ये लावतात ती अमेरिकेहून आलेली स्पायडर लिलीही अशीच दिसते, पण तिचे बी हिरवे आणि मांसल असते. रानातल्या आपल्या फुलाचे बी काळे. बी मी पाहिलेच नव्हते, पण रानातली जागा आणि पहिल्या पावसाची वेळ पाहून मित्राने निकाल दिला, “हे पँक्रेशियम. डॅफोडिल नव्हे, पण त्याच कुळातले. चुलतभाऊ म्हण हवे तर.”

हे कूळ म्हणजे ॲमॅरिलिडेसी. डॅफोडिल, स्नोड्रॉप, निशिगंधासारखी दिसणारी कितीतरी लिलीची फुले त्यात येतात. २००९ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात आपला कांदा-लसूणही या कुळात घेतला गेला. पण डॅफोडिलच्या जवळच्या नात्यातल्या कंदांना कांद्याचा वास नसतो आणि त्यांत लायकोरीनसारखी विषारी द्रव्ये असतात. रानभाजीवालीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. याच गटातून मिळणारे गॅलँटमीन नावाचे द्रव्य आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना औषध म्हणून देतात, हीही गंमतच.

डॅफोडिलच्या रानटी जाती मुख्यतः स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को आणि भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या. त्यांपैकी एक, म्हणजे आपल्या ओळखीची नर्गिस, पूर्वेला पार काश्मीरपर्यंत पोचली आहे. काश्मिरीत तिला यंबरझल म्हणतात. दीनानाथ नादिम यांनी १९५३ मध्ये भुंगा आणि यंबरझल यांच्यावर काश्मिरी संगीतिका लिहिली. सह्याद्रीत मात्र डॅफोडिल रानटी उगवत नाही. असे असताना डॅफोडिलच्या इतिहासात आपला सह्याद्री कुठून आला? त्याचे उत्तर एका इंग्रज पाद्र्यापाशी आहे.

विल्यम हर्बर्ट यांचा जन्म १७७८ चा. आधी पार्लमेंटचे सभासद, मग यॉर्कशरमधल्या स्पॉफर्थ गावचे धर्मोपदेशक आणि शेवटी मँचेस्टरचे डीन. रविवारी प्रवचन आणि बाकीचा वेळ बागेत. त्या काळी डॅफोडिलची जी नाना रूपे बागांमध्ये दिसत, ती सगळी स्वतंत्र जाती आहेत असे पुष्कळ विद्वान मानत. हर्बर्ट यांना शंका आली की यांतली काही रूपे दोन जातींच्या संकरातून झाली असावीत. नुसता वाद घालण्याऐवजी त्यांनी एका रानटी जातीचे पराग दुसरीच्या फुलावर घातले, बी धरले, पेरले आणि वाट पाहिली. डॅफोडिलला बियांपासून फूल यायला चार-पाच किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. त्यांच्या वाफ्यात जी फुले आली, ती ज्यांना लोक ‘जाती’ म्हणत होते त्यांच्यासारखीच निघाली. ‘ॲमॅरिलिडेसी’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेगवेगळ्या जातींचा संकर वांझ निघतो, हा त्या काळचा भरवशाचा समज होता. हर्बर्ट यांनी तो क्रायनम या फुलावर तपासला. आफ्रिकेतल्या एका क्रायनमला दुसऱ्याचे पराग दिले, तर बोंडातल्या प्रत्येक बीजांडातून रोप आले. स्वतःच्या परागांनी इतके यश कधी मिळत नसे. डार्विनने १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये संकराच्या प्रकरणात हा दाखला घेतला आहे. तो पाहायला हर्बर्ट नव्हते. ते १८४७ मध्ये वारले होते.

आता आपल्याकडे येऊ. याच हर्बर्ट यांनी १८४२ मध्ये एका क्रायनमला ‘ब्रॅकिनेमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आखूड तंतूंचे. हे फूल आपल्या उत्तर सह्याद्रीचे. महाबळेश्वरच्या परिसरात पावसाच्या तोंडावर पाने येण्याआधीच त्याचे पांढरे, सुवासिक झुबके येतात. म्हणजे ज्या नजरेने डॅफोडिलचे रानटी कोण आणि संकरित कोण हे ओळखले, त्याच नजरेने आपल्या डोंगरातले हे फूलही वेगळे काढले.

दुसरा दुवा त्याहून जवळचा. लंडनच्या क्यू बागेतले जॉन गिल्बर्ट बेकर हे डॅफोडिलच्या वर्गीकरणातले जाणते. १८७५ च्या बर्बिज यांच्या डॅफोडिलवरील पुस्तकाला बेकर यांनी केलेला सर्व जातींचा आढावा जोडलेला आहे. त्यांच्याकडे पुण्याहून एक क्रायनम गेले. ते पाठवले होते जी. मार्शल वुड्रो यांनी. वुड्रो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि गणेशखिंडीची वनस्पती बाग सांभाळत. हिंदुस्थानातल्या बागकामावरचे त्यांचे पुस्तक घरोघरच्या साहेबांकडे असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेकर यांनी त्या फुलाला वुड्रो यांचे नाव दिले : क्रायनम वुड्रोवाय.

नाव मिळाले आणि फूल हरवले. हर्बेरियममधल्या वाळक्या नमुन्यावर आणि ग्रंथांच्या यादीत ते राहिले. डोंगरात ते पुन्हा पाहिल्याची नोंद सुमारे शंभर वर्षे झाली नाही. अखेर पुण्याच्या अभ्यासकांना ते महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटजवळ पुन्हा सापडले. ज्या पॉइंटवर दरवर्षी हजारो लोक फोटो काढतात, त्याच्या अंगाखांद्यावर! कारण साधे आहे. ही फुले पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस येतात. तेव्हा पर्यटक परतलेले असतात. एरवी जमिनीवर नुसती पाने, किंवा तीही नाहीत. जुनी नोंद नसती तर सापडलेल्या फुलाला कुणी ओळखले नसते, आणि कुणी पावसात डोंगर चढले नसते तर जुनी नोंद कागदावरच राहिली असती.

या कामाची परंपरा संपलेली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या लेखक आणि यादव या अभ्यासकांनी २०१२ मध्ये केरळच्या ओढ्यात वाढणारे क्रायनम नवी जात म्हणून जगापुढे मांडले. एवढे मोठे, पांढरे, डोळ्यांत भरणारे फूल एकविसाव्या शतकापर्यंत नावावाचून राहू शकते!

मग ही फुले घरी लावायचीच नाहीत का? लावावीत, पण रानातून कंद उकरून नव्हे. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, भरपाई म्हणून सांगतो. पिवळ्या डॅफोडिलला फुलण्यासाठी बारा-पंधरा आठवड्यांची थंडी लागते. ठाण्यात ती मिळायची कुठून? रोपवाटिकेतून मिळालेले आपले क्रायनम मात्र इथे सुखाने राहते. त्याचे बी जाड, मांसल असते. वाळवून डबीत ठेवले तर मरते आणि टेबलावर विसरले तरी मोड काढते. ताजे बी मातीत न पुरता वर नुसते टेकवावे. कुंडीला भोके मोठी आणि माती भुसभुशीत हवी. कंदाची मान मातीच्या वर ठेवावी. पाने सुकली की पाणी जवळजवळ बंद करावे. ती विश्रांती असते, मरण नव्हे. मी पाणी घालून मारला तो कंद मला हेच सांगत असावा. फूल यायला काही वर्षे जातील. पण हर्बर्ट यांनीही तेवढीच वाट पाहिली होती. प्रत्येक कुंडीवर जातीचे नाव आणि बी कुठून आणले ते लिहावे. शेजारच्या कुंडीतल्या दुसऱ्या जातीचे पराग लागून संकर झाला, तर पुढे कोण कोणाचे हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.

माझ्याकडे आता दोन कुंड्या आहेत. दोन्हींवर चिठ्ठ्या आहेत, फूल अजून एकीलाही नाही. दर जूनमध्ये मी येऊरच्या पायथ्याच्या त्या वाटेवर जातो. मधल्या एका वर्षी जुन्या जागेपासून वीसेक पावलांवर दोन पांढरी फुले दिसली. जवळ बसलो. अंडाशय कुठे, वाटी कशाची, हे पाहून घेतले. तारीख वहीत लिहिली आणि हात खिशात घालून परत आलो.