साच्यातली संकेतस्थळे : टेम्प्लेटने काय दिले, काय हिरावले

१/ एखाद्या बेकरीचे आणि एखाद्या वकिलाचे संकेतस्थळ शेजारीशेजारी उघडून पाहा. वर रुंद छायाचित्र, त्यावर मधोमध एक वाक्य, त्याखाली बटण आणि मग ओळीने तीन चौकटी. धंदे वेगळे, चेहरा एकच. या सारखेपणाला तीस वर्षांचा इतिहास आहे. तो या धाग्यात क्रमाने पाहू.

२/ ऑगस्ट १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून वर्ल्ड वाइड वेब जगापुढे आणले. पाने लिहिण्यासाठी एचटीएमएल ही खूणभाषा होती. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, एवढेच ती सांगे. पान दिसावे कसे, हे बव्हंशी वाचकाचा ब्राउझर ठरवी. शास्त्रज्ञांना तेवढे पुरेसे होते. छापील पानावर हुकमत असलेल्या डिझायनरांना मात्र तिथे कामच उरले नव्हते.

३/ यावरचा उपाय लवकर सुचला होता. १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन व्हिउम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव मांडला : मजकूर एका जागी ठेवावा, रूपाचे नियम दुसऱ्या जागी. डिसेंबर १९९६ मध्ये त्याचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. पण ब्राउझर कंपन्या आपसांतल्या स्पर्धेत गुंतल्या होत्या. हे नियम सर्वत्र सारखे चालण्यासाठी पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

४/ डिझायनर थांबायला तयार नव्हते. आकडेवारीसाठी असलेले तक्ते त्यांनी मांडणीसाठी वापरले. ओळी हव्या तिथे सरकवण्यासाठी एका पिक्सेलचे अदृश्य चित्र पाचरीसारखे ठोकले. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने या युक्त्या सर्वदूर पोहोचवल्या. पाने देखणी झाली, पण मजकूर आणि रूप यांची गाठ अशी बसली की एक परिच्छेद वाढला तरी सारी मांडणी विस्कटे.

५/ हा गुंता सामान्य माणसाला झेपणारा नव्हता, आणि तयार साच्यांचे सॉफ्टवेअर याच फटीतून आत आले. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने १९९५ मध्ये फ्रंटपेज बाजारात आणले. १९९६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सुमारे १३ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे त्यात रंग, बटणे, पार्श्वभूमी यांच्या तयार थीम आल्या. एक अट मात्र होती : त्यातल्या अनेक सोयी चालण्यासाठी सर्व्हरवरही फ्रंटपेजचीच पूरक यंत्रणा बसवलेली असावी लागे. पान तुमचे, पण ते कोणत्या घरात राहू शकेल, हे साधनाने ठरवलेले.

६/ याच्या अगदी उलट टोकाला जिओसिटीज होते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत विषयवार ‘वस्त्या’ होत्या आणि हौशी लोक त्यांत आपली पाने फुकट बांधत. लुकलुकती चित्रे, भडक पार्श्वभूमी, हवे ते रंग. रूपाचे स्वातंत्र्य होते, पण जागा परक्याची होती. १९९९ मध्ये याहूने ती सेवा विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने धावपळ करून बरीच पाने वाचवली. उरलेल्यांपैकी कित्येक कायमची गेली.

७/ साचा डिझायनरच्या हातातही असू शकतो, हे याच काळात दिसले. मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर १९९७ च्या अखेरीस आले. त्याच्या टेम्प्लेटमध्ये पानाचा कोणता भाग कुलूपबंद आणि कोणता बदलता येण्याजोगा, हे टेम्प्लेट बनवणारा ठरवी. मजकूर भरणाऱ्याने मांडणी मोडू नये म्हणून कुलूप होते, आणि किल्ली मांडणी करणाऱ्यापाशी होती. पुढचा सारा इतिहास या किल्लीच्या हस्तांतराचा आहे.

८/ मे २००३. कॅनडातील डिझायनर डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केले. अट एकच : एचटीएमएलच्या मजकुराला हात लावायचा नाही, फक्त स्टाइलशीट आणि चित्रे बदलायची. जगभरच्या डिझायनरांनी त्या एकाच मजकुराला एकमेकांशी ओळखही न सांगणारी असंख्य रूपे दिली. १९९४ चा प्रस्ताव काय साधू शकतो, याचे प्रात्यक्षिकच होते ते.

९/ त्याच महिन्यात, २७ मे रोजी, वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. २००५ मध्ये तिला थीमची व्यवस्था मिळाली आणि मूळ थीम म्हणून ‘क्युब्रिक’ जोडली गेली. निळा, गोलसर कडांचा तिचा माथा असंख्य ब्लॉगांवर झळकू लागला. मजकूर आणि रूप वेगळे करण्याचे तत्त्व तेच होते. झेन गार्डनने त्यातून एका मजकुराची अनेक रूपे घडवली. इथे अनेकांचे मजकूर एका रूपात ओतले जाऊ लागले.

१०/ तरीही वर्डप्रेसची थीम उघडून तिचा कोड बदलता येई. स्क्वेअरस्पेस (२००४) आणि विक्स (२००६) यांसारख्या सेवांनी साचा, संपादक आणि सर्व्हर एकाच बंद पेटीत दिले. विक्स तर आरंभी फ्लॅश तंत्रावर उभे होते आणि २०१२ मध्ये एचटीएमएल ५ कडे वळले. २०२० च्या अखेरीस अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, तेव्हा वेबवर उरलेली फ्लॅशची पाने मूळ रूपात चालेनाशी झाली.

११/ आता मर्यादा नेमकी कुठे जाणवते ते पाहू. एका किल्ल्याचे पान करायचे आहे. डिझायनर आधी विचारतो : वाचकाला प्रथम काय हवे? नकाशा, वाट, पाण्याची टाकी, मग इतिहास. साच्याने मात्र क्रम आधीच लावलेला असतो : छायाचित्र, घोषवाक्य, बटण, तीन चौकटी. सांगण्यासारख्या दोनच गोष्टी असतील तर तिसरी ओढूनताणून आणावी लागते. सात असतील तर चार गाळाव्या लागतात.

१२/ साच्यात नमुन्यादाखल भरलेला ‘लोरेम इप्सम’ हा मजकूर आठवा. सिसेरोच्या इ. स. पू. ४५ मधील एका तत्त्वज्ञानग्रंथातील लॅटिनची ती मोडतोड आहे. १९६० च्या दशकात लेट्रासेटच्या अक्षरपत्रांतून आणि पुढे संगणकावरील पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधून ती रूढ झाली. खरा मजकूर हाती नसताना पान आखण्याची ही सोय. टेम्प्लेट विकले जाते ते याच अर्थहीन लॅटिनवर छान दिसते म्हणून.

१३/ त्या जागी मराठी भरली की अडचण उघडी पडते. रोमन शीर्षकांसाठी अक्षरांमधले अंतर वाढवलेले असेल, तर शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळी जवळ बसवलेल्या असतील, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. सगळी अक्षरे कॅपिटल करण्याच्या नियमाला देवनागरीत अर्थच नाही. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली, तर ब्राउझर स्वतःच दुसरा फॉन्ट उचलतो. यातली प्रत्येक दुरुस्ती सीएसएसच्या एखाद्या ओळीची आहे. पण ती ओळ साच्याने दडवली असेल, तर जाणता डिझायनरही हात चोळत बसतो.

१४/ दोष केवळ हौशी लोकांच्या साधनांवर ढकलता येणार नाही. ऑगस्ट २०११ मध्ये ट्विटरच्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप सर्वांसाठी खुले केले. बारा स्तंभांची जाळी, ठरावीक बटणे, ठरावीक चौकटी. तो कोड पूर्णपणे मोकळा होता, तरी व्यावसायिकांच्या असंख्य पानांवर तोच चेहरा आला. मुदत जवळ आली की तयार मांडणीच हाताला लागते.

१५/ साच्याचे ऋण मात्र मान्य करायला हवे. खानावळ चालवणाऱ्या बाईंना पत्ता, वेळा आणि दूरध्वनी क्रमांक लोकांपर्यंत पोहोचवायचा असेल, तर टेम्प्लेट एका दुपारीत ते काम करून देते. पूर्वी त्यासाठी कुणाची तरी मनधरणी करावी लागे. मजकुराला स्वतःचा आकार असतो तेव्हा हेच साधन अपुरे पडते.

१६/ इतिहासप्रेमींना हा प्रश्न जवळचा आहे. शिलालेखांची छायाचित्रे, मोडी कागदांची लिप्यंतरे, गावोगावच्या वीरगळांच्या नोंदी आज आपल्यातलेच अनेक तरुण संकेतस्थळांवर ठेवत आहेत. ही उद्याची साधने आहेत. म्हणून साचा निवडण्याआधी तीन गोष्टी तपासा : नोंदीचा क्रम तुम्ही ठरवता की साचा? मूळ कोड उघडून बदलता येतो का? सेवा बंद पडली, तर मजकूर आणि चित्रे घेऊन बाहेर पडता येईल का?

१७/ सर्नने २०१३ मध्ये जगातले पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. साधा मजकूर आणि दुवे, एवढेच त्यात आहे, आणि आजचा कोणताही ब्राउझर ते विनातक्रार उघडतो. आपल्या नोंदींचा मजकूरही असाच साधा, वेगळा आणि स्वतःच्या ताब्यात ठेवा. त्यावर रूप कोणतेही चढवा, ते पुढच्या पिढीला बदलता येईल. (समाप्त)