रुपयाभार चांदी

अनुवाद करताना जुन्या रकमा फार छळतात. वसाहतकाळातल्या स्पॅनिश मजकुरात ‘पेसो’ आला की मराठी वाचकासाठी त्याचे काय करायचे? वजनाचा हिशेब सोपा आहे. आठ रियालांच्या पेसोत सुमारे २५ ग्रॅम चांदी असे, मोगली रुपयात सुमारे ११. म्हणजे एका पेसोचे सव्वादोन रुपये. पण ही चांदी कोणत्या सालची, असे विचारले की हिशेब डळमळतो. दोन देशांच्या खाणींची तुलना करतानाही हीच अडचण येते.

बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली, मेक्सिकोतल्या साकातेकासला १५४६ मध्ये. दोन्ही मुलूख तेव्हा स्पेनचे. पहिले शतक पोतोसीने गाजवले. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवरच्या त्या उजाड जागी लाखावर माणसांचे शहर वसले. त्यामागे ‘मिता’ होती: गावोगावच्या पुरुषांना पाळीपाळीने खाणीत राबायला लावणारी वेठ. पुढे पोतोसीचे सकस थर संपत आले. मेक्सिकोत बहुतेक मजूर रोजावर होते आणि धातू वेगळा करायला लागणारा पारा स्पेनच्या सरकारने तिथे स्वस्त केला. अठराव्या शतकात मेक्सिको पुढे गेला. आजही चांदीच्या उत्पादनात तो जगात पहिला आहे. वजनावर निकाल लावायचा तर तो इथेच लागतो.

मोलाचा निकाल मात्र खाणीपाशी लागत नाही. या चांदीचे मोठे गिऱ्हाईक आशियात होते. राजस्थानातल्या जावरसारखी ठिकाणे सोडली तर भारतात चांदी फारशी निघत नसे, तरी इथले कापड, मिरी आणि नीळ घ्यायला युरोपीय व्यापारी चांदीच घेऊन येत. सुरतेच्या टांकसाळीत रियाल वितळवून रुपये पाडले जात. रुपयाची किंमत म्हणजे त्यातली चांदी, हे इतके गृहीत होते की मराठीत ‘रुपयाभार’ हे तोळ्याचेच दुसरे नाव झाले.

१८७० च्या सुमारास एक भार सोन्याला साडेपंधरा भार चांदी पडे. मग जर्मनी आणि अमेरिका सोन्याच्या चलनाकडे वळली, त्यातच अमेरिकेत नव्या खाणी निघाल्या. १८९३ पर्यंत त्याच सोन्याला सव्वीस भार चांदी लागू लागली. मेक्सिकोच्या खाणी जोरात चालू होत्या, पण पूर्वी डॉलरच्या बरोबरीचा पेसो १९०५ मध्ये अर्ध्या डॉलरवर ठरवावा लागला. बोलिव्हिया चांदी सोडून कथिलाकडे वळला.

खाणी नसलेल्या भारतालाही ही घसरण चुकली नाही. रुपयाचा भाव सुमारे २३ पेन्सांवरून १५ पेन्सांवर आला आणि लंडनला पाठवायच्या सरकारी देण्यासाठी जास्त रुपये लागू लागले. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. त्याआधी चांदी टांकसाळीत देऊन थोड्या खर्चात तिचे रुपये करून घेता येत. आता रुपया वेगळा, चांदी वेगळी. १८९९ मध्ये रुपया सोळा पेन्सांवर ठरला, पण रुपयाभार चांदीला बाजारात सुमारे दहा आणेच येत होते. त्याच साली दख्खनेत दुष्काळ पडला. सराफाकडे तोडे आणि वाळे मोडायला नेणाऱ्या कुणब्याला पोतोसी कुठे आहे हे ठाऊक नव्हते. त्याच्या घरची चांदी गुंजभरही घटली नव्हती, सारा मात्र रुपयांतच भरायचा होता.

डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेला रुपयाविषयीचा प्रबंध याच उलथापालथीचा आहे. रुपयाची किंमत सरकारच्या मर्जीवर सोडू नये, हा त्यातला कळीचा मुद्दा मला खाणींच्या आकड्यांहून मोलाचा वाटतो.

मी राहते त्या बेंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. २००१ मध्ये त्या बंद झाल्या, तेव्हा आतले सोने संपले नव्हते. ते वर आणण्याचा खर्च परवडेना. तेव्हा बोलिव्हिया श्रीमंत की मेक्सिको, याचे एकच उत्तर देता येत नाही. कोणत्या साली, कोणत्या बाजारात आणि कोणाच्या श्रमावर, हे आधी विचारावे लागते. पेसोचे मी रुपये करत नाही. पेसो तसाच ठेवते आणि शेजारी साल लिहिते.