ऋणमोचन : वऱ्हाडातील कर्ज, समाजशास्त्र आणि समाजसेवा

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. गावाच्या नावातील ऋण देवाचे आणि पितरांचे; परंतु यात्रेला येणाऱ्या कुणब्याच्या मनात बहुधा दुसरेच ऋण घोळत असे, आणि ते नदीत डुबकी मारून फिटण्याजोगे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी याच यात्रेत अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि जवळ एक मातीचे गाडगे असलेला एक माणूस यात्रेकरूंची चिखलाची वाट साफ करताना लोकांना दिसू लागला. तो शेणगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर. पुढे अवघ्या महाराष्ट्राने ज्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखले, तेच हे. आजच्या विषयाचा आरंभ आम्ही या गावापासून करतो, याचे कारण असे की, वऱ्हाडात ज्यांनी ज्यांनी मनापासून समाजसेवा केली, त्यांना फिरून फिरून या ऋणापाशीच यावे लागले आहे.

समाजसेवेला चांगले अंतःकरण असले म्हणजे पुरे. समाजशास्त्र हा पुस्तकातला विषय, त्याचा वावराशी काय संबंध, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन १९१९ साली सुरू झाले आणि समाजकार्याचे शिक्षण देणारी पहिली संस्था, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबईतच १९३६ साली निघाली. शास्त्र एका इमारतीत आणि सेवा दुसऱ्या इमारतीत, अशी ही वाटणी झाली. आमचे म्हणणे असे आहे की, वऱ्हाडात ही वाटणी मुळात नव्हती. येथील थोर कार्यकर्त्यांनी शास्त्राचे नाव न घेता शास्त्र वापरले. आणि आज ते वापरायचे आपण सोडले, तर आपली सेवा कितीही मनापासून केलेली असो, ती फॉर्म भरून देण्यापलीकडे जाणार नाही.

हे शास्त्र म्हणजे तरी काय? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स याने १९५९ साली ते एका साध्या उदाहरणाने समजावून दिले. मोठ्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचे कसब, त्याची संधी पाहावी. परंतु देशात कोट्यवधी माणसे बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून उत्तर सापडणार नाही; मग देशाची घडीच तपासली पाहिजे. एकाचे दुःख ते खासगी. तेच दुःख घरोघर दिसू लागले की ते सार्वजनिक होते. डोळे पुसणे हे सेवेचे काम आहेच. पण अनेकांचे डोळे एकाच कारणाने ओले होत आहेत काय, हे पाहणे हेही सेवेचेच काम आहे.

आता वऱ्हाडचे हे कारण पाहू. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस येईनासा झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली भुसावळकडून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही त्या वाटेवरची ठाणी. भाव चढले आणि पुढे ते उतरलेही. पण शेतीचा जो तोंडवळा बदलला तो बदललाच. ज्वारी पेवात भरून ठेवता येते आणि अडीअडचणीला खाता येते. कापूस खाता येत नाही. तो विकावाच लागतो, आणि त्याचा भाव पिकवणाऱ्याने न पाहिलेल्या ठिकाणी ठरतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात या सुपीक प्रांतात माणसे अन्नावाचून मेली. पीक साधले नाही तर धान्य विकत घ्यावयाचे, त्यासाठी कर्ज काढावयाचे, कर्जापायी वावर गहाण टाकावयाचे, ही साखळी तेव्हापासून वऱ्हाडच्या पायात आहे.

गाडगेबाबांचे बालपण या साखळीतच गेले. १८७६ साली त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले आणि आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास माहेरी आली. तेथे डेबूजी मामाच्या शेतीत राबू लागले आणि ती शेती सावकाराच्या कागदात कशी अडकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे मुलीच्या बारशाला जातगोताच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत अपेक्षित असताना त्यांनी गोडाचे जेवण घातले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ती नुसती व्यसनमुक्तीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्हांस तीत अधिक काही दिसते.

कर्ज काढून लग्नाची पंगत घालणारा माणूस मूर्ख नसतो. पंगत न घातली तर सोयरीक तुटते, चार लोकांत मान जातो, मुलीकडे बोट दाखवले जाते. म्हणजे पंगतीचा खर्च हा त्याचा एकट्याचा निर्णय नसून गोतावळ्याने त्याच्यावर बसवलेला एक करच आहे. अशा माणसाला घरी गाठून काटकसरीचा उपदेश करणे निष्फळ होय. तो मान डोलावील आणि कर्ज काढील. गाडगेबाबांनी ओळखले ते हे. ते घरी जाऊन उपदेश करीत नसत; हजारोंच्या कीर्तनात प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. लग्नासाठी कर्ज काढू नका, हातावर भाकरी घेऊन खा पण पोरांना शिकवा, हे सबंध गावाने एका वेळी, एकमेकांच्या देखत ऐकले. काल जो खर्च टाळणे लाजिरवाणे होते, तो टाळणे उद्या शोभून दिसू लागे. माणूस एकटा रिवाज मोडू शकत नाही. रिवाज ज्यांनी घातला त्या सर्वांच्या समोर तो मोडावा लागतो. समाजशास्त्रात याला फार जड नावे आहेत. बाबांजवळ त्यासाठी झांजा आणि खराटा होता.

परंतु रिवाज बदलून कर्जाचा अर्धाच भाग सुटतो. कापसाचा भाव आणि सावकाराचे व्याज कीर्तनाने उतरत नाही. गरिबाची सारी नड त्याच्या लग्नखर्चातच शोधली, तर आपण नकळत दोष त्याच्याच माथी मारतो. येथे दुसरे नाव घ्यावे लागते ते डॉ. पंजाबराव देशमुखांचे. पापळच्या शेतकरी घरात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव विलायतेहून वैदिक वाङ्मयातील धर्मावरच्या प्रबंधासाठी डॉक्टर ही पदवी घेऊन परतले आणि अमरावतीस त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली जी चळवळ झाली, तीत ते पुढे होते. १९३० ते १९३३ या काळात ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते आणि १९३३ च्या कर्ज लवाद कायद्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

या कायद्यातील विचार आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. सावकार दुष्ट आणि कुणबी भोळा, असे नाटक त्याने मांडले नाही. ऋणको आणि त्याचे धनको या सर्वांना लवाद मंडळासमोर एकत्र बसवावे, एकंदर देणे किती हे उघड व्हावे, फेडण्याची ऐपत पाहून तडजोड व्हावी आणि हप्ते पडावेत, अशी ती योजना होती. एकेका सावकारासमोर एकेकटा उभा असलेला कुणबी हतबल असतो. सगळे धनको एका पंक्तीत आले म्हणजे कर्जाचे खरे रूप दिसते. कर्ज हा आकडा नसून माणसामाणसांतील नाते आहे, आणि ते नाते चव्हाट्यावर आणल्यावाचून बदलत नाही, ही ओळख या कायद्यामागे होती. कायद्याला मर्यादा होत्याच. कागदावर न आलेल्या सावकारीपुढे कोणताही कायदा लंगडा पडतो. महाराष्ट्राला २०१४ साली सावकारीच्या नियमनासाठी नवा कायदा करावा लागला आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देण्याची तरतूद त्यात ठेवावी लागली, यावरून हा रोग किती जुना आहे हे समजते.

आता तिसरे प्रकरण, आणि ते आपल्या काळाचे आहे. १९९० नंतरच्या दशकापासून वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता येऊ लागल्या. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी पुढे संपुष्टात आली, बियाणे-औषधांचा खर्च वाढला, पाऊस पूर्वीसारखाच लहरी राहिला. २००५ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रश्नावरील आपला अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे ठेवला. २००६ साली पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली.

आत्महत्येसारखी अगदी एकट्याची वाटणारी कृती समाजशास्त्राने फार पूर्वीच हाती घेतली होती. एमिल द्युरकेम या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ साली दाखवून दिले की, प्रत्येक समाजात आत्महत्येचे प्रमाण वर्षानुवर्षे बरेचसे स्थिर राहते, आणि माणसामाणसांचे बंध सैल झाले किंवा जगण्याची घडी एकाएकी विसकटली, तर ते वाढते. मंदीत ते वाढते तसे अचानक आलेल्या तेजीतही वाढते. त्याचे आणखी एक निरीक्षण आम्हांस वऱ्हाडच्या संदर्भात फार बोलके वाटते. व्यापार-उद्योगात पडलेल्यांपेक्षा शेतकऱ्यांत हे प्रमाण पुष्कळ कमी आहे, कारण बाजाराचा ज्वर शेतीत अजून पुरता शिरलेला नाही, असे तो म्हणतो. फ्रान्समध्ये ते खरे असेल. पण वऱ्हाडच्या शेतीत तो ज्वर द्युरकेमचे पुस्तक निघण्याआधी तीस वर्षे आगगाडीने येऊन दाखल झाला होता! आमचा कापूस उत्पादक हा व्यापाऱ्याची जोखीम घेणारा, परंतु व्यापाऱ्याचे एकही संरक्षण नसलेला माणूस आहे. तो भित्रा नव्हे, आळशी नव्हे, व्यसनी तर सरसकट मुळीच नव्हे.

आणि तरीही मदत देताना आपण काय करतो? २००६ च्या शासननिर्णयाप्रमाणे मृताच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देताना काही निकष पाहिले जातात: जमीन त्याच्या अगर कुटुंबातील कोणाच्या नावे असावी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे अथवा मान्यताप्राप्त सावकाराचे असावे, ते थकलेले असून वसुलीचा तगादा असावा. त्यावरून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. सार्वजनिक पैसा खर्चावयाचा तर काही नियम हवा, हे आम्हांस मान्य आहे. आमची हरकत आहे ती या नियमालाच निदान समजण्याला. ठोक्याने किंवा बटईने वावर करणारा, सोयऱ्याकडून पैसे घेतलेला, कृषी केंद्राच्या उधारीत बुडालेला माणूस या चाळणीतून खाली पडतो. पऱ्हाटीत दिवसभर राबणारी बाई कागदावर गृहिणीच राहते. मरण मात्र त्याच कारणाने येते.

आमच्या परिचयाची एक तरुण कार्यकर्ती अकोल्याकडच्या एका गावी अशाच घरी गेली होती. तिच्या हाती छापील फॉर्म होता. तिने विचारले, “कर्ज किती होतं, काकू?” त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “कोन्तं सांगू माय? ब्यांकेचं, का दुकानाचं, का पोरीच्या लग्नाचं?” फॉर्मवर रकाना एकच होता. त्या दिवशी तिने फॉर्म पिशवीत ठेवला, वहीचे कोरे पान काढले आणि कोणाचे, कशासाठी, केव्हा घेतलेले, अशी यादी त्या बाईंकडूनच करून घेतली. यादीत सात नावे निघाली. बाईंना त्यांतली चारच आधी ठाऊक होती. उरलेली तीन थोरल्या मुलाने सांगितली. नवऱ्याने काय काय एकट्याने वाहिले होते, ते त्या घराला त्या पानावर प्रथम दिसले.

समाजशास्त्र सेवेत उतरते म्हणजे काय, याचे आम्हांस यापेक्षा चांगले उदाहरण देता येणार नाही. त्या मुलीने केलेली यादी म्हणजे लवाद मंडळाचीच रीत: सगळे देणे एका ठिकाणी मांडणे. तिच्या मागून गावाने लग्नखर्चाविषयी ग्रामसभेत एकत्र बसून ठरवले, तर ती कीर्तनाची रीत. आणि पात्र-अपात्र न पाहता गावातले प्रत्येक असे मरण कोणी नोंदून ठेवले, तर ती द्युरकेमची रीत. यांतली एकही रीत खर्चिक नाही. तिन्हींना वेळ लागतो आणि एकाच घरी पुन्हा पुन्हा जावे लागते, एवढेच.

गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगावपाशी देह ठेवला. पंजाबराव १९६५ साली गेले. त्यांच्या नावाने अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि बाबांच्या नावाने अमरावतीस विद्यापीठ आहे. पुतळे, चौक, जयंत्या यांचीही उणीव नाही. पण पुढल्या पौषात ऋणमोचनला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ओझे किती आहे, हे विचारावयास त्या यात्रेत आपल्यापैकी किती जण जाणार आहोत? तेवढे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावे, आणि जाताना वहीचे एक कोरे पान बरोबर न्यावे.