संशोधनाचा प्रवाह : धुळें आणि पाटणें

एखाद्या शास्त्रांत कोणत्या काळीं कोणत्या प्रश्नाची चर्चा अधिक झाली, हें शेंकडों लेख वाचून ध्यानांत ठेवणें कठीण. तेंच कागदावर रेखाटलें तर एका दृष्टिक्षेपांत कळतें. आडव्या रेषेवर वर्षें मांडावीं, प्रत्येक विषयास एक रंग द्यावा, आणि ज्या वर्षीं त्या विषयावर जितकें लेखन झालें असेल तितका त्याचा पट्टा रुंद काढावा. इ. स. २००० च्या सुमारास अमेरिकेंतील संशोधकांनीं अशा चित्रास नदीचें रूप दिलें. आतां लेखांतील शब्द मोजण्याचें काम यंत्र करतें. परंतु ही नदी वाचावी कशी, याचा धडा आपल्या खानदेशांतच मिळतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें लेखन या रीतीनें मांडून पाहूं. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला; त्यांत १७५० पासून पानिपतापर्यंतचीं पत्रें आहेत. पुढें या मालेचे एकंदर २२ खंड झाले. १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची जुनी पोथी व तिच्या भाषेचें व्याकरण हा दुसरा रंग दिसूं लागतो. १९२२ चें ‘राधामाधवविलासचंपू’ व १९२४ ची ‘महिकावतीची बखर’ यांच्या प्रस्तावनांत समाजरचनेचा विचार पुढें येतो. राजकारणाच्या प्रवाहास भाषा आणि समाज हे दोन प्रवाह येऊन मिळाले, असें चित्र उमटतें.

३१ डिसेंबर १९२६ रोजीं राजवाडे धुळ्यास निवर्तले. १९२७ सालीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. मंडळानें १९३७ सालीं त्यांचा ‘धातुकोश’ आणि १९४२ सालीं ‘नामादिशब्द व्युत्पत्ति कोश’ प्रसिद्ध केला. आतां गंमत पाहा. प्रकाशनाच्या वर्षांवरून आलेख काढला, तर व्युत्पत्तीचा पट्टा रुंदावतो तो कर्ता जाऊन दहा वर्षें लोटल्यावर! आलेख खोटें सांगत नाहीं. तो छापखान्याचें वर्ष सांगतो, विचाराचें नव्हे. धुळेंकरांनीं ते कागद जपले नसते, तर पाहणाऱ्यास त्या श्रमांचा पत्ताहि लागला नसता.

दुसरें उदाहरण जळगांव जिल्ह्यांतील, चाळीसगांवजवळच्या पाटणें या गांवाचें. येथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठास १२०७ सालीं दिलेल्या दानाचा तो लेख. त्यामुळें पाटणें म्हटलें कीं ज्योतिष व गणित आठवूं लागलें. पुढें १९७२-७३ सालीं एस. ए. साळी यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा सांपडला. तो सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा मानला जातो. गांव तेंच, पण विषय अश्मयुगापर्यंत मागें गेला. तो तुकडा १८६५ सालींहि त्याच मातींत होता. तेव्हां त्याच्याविषयीं कोणी विचारलें नव्हतें, इतकेंच.

तेव्हां अशा आलेखांत जेथें रंग नाहीं, तेथें कांहीं घडलेंच नाहीं असें समजूं नये. कदाचित् तेथें कागद जपणारा मिळाला नसेल, किंवा प्रश्न विचारणारा अद्याप यावयाचा असेल. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं माळ्यावर जुन्या दप्तराचे रुमाल पडले असतील, तर वाळवीच्या आधीं ते स्वतः सोडून पाहावे. आलेखांतली एखादी मोकळी जागा त्यांत बांधलेली असेल.