रंगीत तालीम : सॉफ्टवेअरचे घटक त्यांच्याच घरात तपासण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण युनिट टेस्टपर्यंत आलो होतो, म्हणजे प्रोग्रामचा एकेक तुकडा सुटा काढून तपासणं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. सुटे तुकडे सगळे पास झाले, तरी एकत्र आल्यावर मोडतात का? आणि हे आधीच कळावं म्हणून लोकांनी काय काय केलं?

नाटकवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. संहितेचं वाचन होतं, एखाद्या हॉलमध्ये महिनाभर तालमी होतात, तरीही शुभारंभाच्या आधी रंगीत तालीम घेतातच. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, सगळं खरं. कारण नऊवारी सावरत जिना उतरायला किती वेळ लागतो, हे हॉलमधल्या सतरंजीवर कळत नाही.

ही तालीम टाळली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण बघू. 4 जून 1996. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधलं कुरू. युरोपचं नवं रॉकेट एरियन-5 पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत त्याचे तुकडे झाले. आत क्लस्टर मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह होते, तेही गेले. जाक-लुई लिओन्स या फ्रेंच गणितज्ञांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जुलैमध्ये तिचा अहवाल आला. तो आजही वाचण्यासारखा आहे.

झालं असं होतं. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणारी यंत्रणा, तिच्या सॉफ्टवेअरसकट, एरियन-4 वरून घेतली होती. त्यात 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत बसवली जात होती. 16 बिटांत जास्तीत जास्त 32,767 मावतात. एरियन-4 च्या मार्गावर तेवढं पुरत होतं. एरियन-5 चा आडवा वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती ना? होती. पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे ती क्षणभर आधीच बंद पडली होती. आणि ज्या गणितात हे घडलं, त्याची एरियन-5 ला उड्डाणानंतर गरजसुद्धा नव्हती.

आपल्या विषयाचा भाग पुढे आहे. जमिनीवर संपूर्ण उड्डाणाच्या चाचण्या झाल्या होत्या. पण त्यांत ही यंत्रणा खरी नव्हती. तिच्या जागी तिची नक्कल करणारा प्रोग्राम बसवला होता. का? तर ती सुटी तपासून आधीच पास झाली होती. नव्या रॉकेटचा मार्ग तिला कधी दिलाच गेला नाही. अपघातानंतर तेच सॉफ्टवेअर खऱ्या उड्डाणाचे आकडे देऊन जमिनीवर चालवलं, तेव्हा बिघाड जसाच्या तसा दिसला. म्हणजे तो आधीही दिसला असता.

आता रॉकेटवरून ऑफिसातल्या सर्व्हरकडे येऊ, कारण त्याच सुमारास तिथेही तयार घटक जोडून सॉफ्टवेअर उभं करायची चाल सुरू झाली होती. 1998 मध्ये सन कंपनीने एंटरप्राइझ जावाबीन्सचं पहिलं स्पेसिफिकेशन काढलं. कल्पना अशी, की प्रोग्रामरने फक्त व्यवसायाचं काम लिहायचं. डेटाबेसचे व्यवहार, सुरक्षा, एकाच वेळी येणारे शेकडो ग्राहक, हे सगळं ‘कंटेनर’ सांभाळेल. कंटेनर म्हणजे आपलं नाट्यगृह. पडदा, दिवे, माईक त्याचे. नटाने फक्त भूमिका करायची.

सोय मोठी, पण अडचणही तिथेच. घटक कंटेनरशिवाय चालेना, मग त्याला तपासायचं कुठे? पहिलं उत्तर दिलं अपाची कॅक्टसने. टेस्ट बाहेरून सुरू व्हायची, पण तिचा मुख्य भाग सर्व्हरच्या आत जाऊन चालायचा आणि निकाल बाहेर यायचा. उत्तर बरोबर होतं, पण सर्व्हर चालू होईपर्यंत चहा पिऊन यावा इतका वेळ जायचा.

म्हणून दुसरी वाट निघाली. साल 2000 च्या आसपास ‘मॉक ऑब्जेक्ट’ आले, म्हणजे खऱ्याच्या जागी उभा केलेला तोतया. पुढे स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कने घटकच असे लिहायला शिकवलं की कंटेनर नसला तरी ते तपासता यावेत. टेस्ट क्षणात होऊ लागल्या. फायदा खरा होता, तो नाकारायचं कारण नाही. पण तोतया तसाच वागतो, जसं आपल्याला वाटतं की खरा वागेल. आपलीच समजूत चुकीची असेल, तर टेस्ट तीच चूक पास करते.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना ओएसजीआयमध्ये दिसतो. 1999 मध्ये ही संस्था स्थापन झाली. 2004 मध्ये एक्लिप्सने आपला पाया तिच्या पद्धतीवर हलवला. इथे प्रत्येक घटक, म्हणजे बंडल, दुसऱ्याकडून काय घेणार आणि दुसऱ्याला काय देणार हे लिहून जाहीर करतं. जे जाहीर केलं नाही, ते त्याला दिसत नाही. साध्या युनिट टेस्टमध्ये मात्र सगळ्यांना सगळंच दिसतं, घरात भिंतीच नसल्यासारखं. त्यामुळे यादीतली एक ओळ राहिली तरी टेस्ट हिरवी, आणि कंटेनरमध्ये बंडल उभंच राहत नाही.

पॅक्स एक्झाम या साधनाने यावर सरळ तोडगा काढला. ते खरा कंटेनर सुरू करतं, तुमच्या टेस्टचंच एक बंडल बनवतं आणि ते आत बसवतं. मग टेस्टलाही त्याच भिंती लागू होतात. जावाच्या मोठ्या सर्व्हरसाठी हेच काम अर्क्विलियनने केलं. 2012 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. अख्खं अॅप्लिकेशन चढवण्याऐवजी लागतील तेवढेच क्लास बांधून ते सर्व्हरमध्ये पाठवतं, म्हणून कॅक्टसच्या काळातली ती वाट बघणं बरंच कमी झालं.

2013 मध्ये डॉकर आलं आणि ‘कंटेनर’ शब्दाचा अर्थच बदलला. आता तो प्रोग्रामसाठी लागणाऱ्या फायलींसकट वेगळी काढलेली खोली झाला. पुढे टेस्टकंटेनर्सने टेस्टपुरता खराखुरा डेटाबेस त्या खोलीत उभा करून, काम झाल्यावर मोडून टाकायची सोय केली. तोतया डेटाबेसची गरज पुष्कळ ठिकाणी संपली.

कुणी विचारेल, मग सगळंच खऱ्या कंटेनरमध्ये तपासावं का? नाही. तालमी हॉलमध्येच करायच्या, त्या स्वस्त असतात आणि चटकन होतात. पण नक्कल कुठे वापरली, याची यादी ठेवायची, आणि त्या प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहायचा : ही नक्कल खऱ्यासारखी वागते, हे कुणी तपासलं? कुरूला खऱ्या यंत्रणेच्या जागी नक्कल बसवली, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर ‘सुटी पास झाली आहे’ असं होतं. आपल्या प्रोजेक्टमध्ये आज काय उत्तर मिळतं, ते उद्या ऑफिसात गेल्यावर विचारून बघा.

पुढच्या वेळी टेस्ट आपोआप, दर बदलाला चालवण्याची पद्धत कशी रुळली, ते पाहू.