किरणोत्सर्गी अणूंचे भूगर्भातील स्थलांतर (प्रतिमाने)

खोल जमिनीखाली पुरलेल्या अणुकचऱ्यातील किरणोत्सर्गी अणू भूजलाबरोबर कोणत्या वाटेने, किती वेगाने आणि किती प्रमाणात वर येतील, याचा गणिती अंदाज. हा अंदाज हजारो ते दहा लाख वर्षांचा असतो. तो खरा ठरतो का, हे पाहायला कोणी थांबू शकत नाही, म्हणून त्यामागचे रसायनशास्त्र पक्के असावे लागते.

स्वीडनच्या केबीएस-३ पद्धतीत वापरून झालेले अणुइंधन ५ सेंमी. जाडीच्या तांब्याच्या डब्यात बंद करून सुमारे ५०० मी. खोल स्फटिकी खडकात ठेवायचे असते; भोवती बेंटोनाइट मातीचे वेष्टण. फिनलंडमधील ऑनकालो भांडारही याच पद्धतीचे आहे. स्थलांतराचा हिशोब डबा फुटला असे धरून सुरू होतो. ओलाव्याने बेंटोनाइट फुगते, फटी बुजतात आणि त्यातून पाणी जवळजवळ वाहत नाही; अणू केवळ विसरणाने सरकतात. पुढे खडकाच्या भेगांत मात्र त्यांना वाहते पाणी मिळते.

पाण्याबरोबर सगळेच अणू पाण्याच्या वेगाने जात नाहीत. बरेचसे खनिजांच्या पृष्ठभागाला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. ही ओढ वितरण गुणांकाने मोजतात. समजा, वाळूच्या थराची सच्छिद्रता २० टक्के, घनता दर घनमीटरला २,००० किग्रॅ. आणि गुणांक दर किलोग्रॅमला ०.०५ घनमीटर आहे. मग अणूची चाल पाण्याच्या सुमारे ५०० पट मंद होते. पाणी १०० वर्षांत जिथे पोहोचते तिथे त्याला ५०,००० वर्षे लागतात. तेवढ्यात प्लुटोनियम-२३९ (अर्धायुष्य २४,१०० वर्षे) चौथ्या हिश्शाहूनही कमी उरते.

आयोडीन-१२९ ला ही अडवणूक लागू पडत नाही. त्याचा आयन ऋणभारित, मातीच्या कणांचा पृष्ठभागही बहुतांशी ऋणभारित; शिवाय अर्धायुष्य सुमारे १.५७ कोटी वर्षे. टेक्नेशियम-९९ ची गोष्ट निराळी. ऑक्सिजनयुक्त पाण्यात ते मोकळे फिरते. ऑक्सिजन नसलेल्या, लोहयुक्त पाण्यात त्याचे जवळजवळ अविद्राव्य ऑक्साइड बनते. खडक तोच, अणू तोच, तरी उत्तर बदलते. म्हणून सगळे रसायन एका आकड्यात कोंबणारा वितरण गुणांक ही या प्रतिमानांची सर्वांत कच्ची बाजू होय.

भेगेतून जाणारे अणू बाजूच्या अखंड दिसणाऱ्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतही शिरतात आणि तिथे अडकून राहतात. या विलंबाचे महत्त्व स्वीडनच्या इव्हार्स नेरेटनिक्स यांनी १९८० मध्ये दाखवले.

अमेरिकेतील नेवाडा येथे १९६८ च्या ‘बेनहॅम’ भूमिगत अणुस्फोटातले प्लुटोनियम १.३ किमी. दूरच्या विहिरीत सापडले. ॲनी कर्स्टिंग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून त्याचा उगम ओळखला. ते पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कलिल कणांना चिकटून आले होते. स्फोटाची परिस्थिती भांडाराहून वेगळी असली, तरी चिकटणे म्हणजे थांबणे हे गृहीतक त्यामुळे सोडावे लागले. आता कलिलांचा हिशोब स्वतंत्रपणे धरतात.

दीर्घकाळाचा पुरावा गॅबनमधील ओक्लोच्या युरेनियम खाणीत मिळतो. तिथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी नैसर्गिक अणुविखंडन झाल्याचे १९७२ मध्ये लक्षात आले. त्यात तयार झालेले प्लुटोनियम बहुतांशी जागीच क्षय पावले. आयोडीन आणि सीझियम मात्र मोठ्या प्रमाणात निघून गेले.

भारतात पुनर्प्रक्रियेनंतरचा उच्च पातळीचा कचरा तारापूर, तुर्भे व कल्पाक्कम येथे बोरोसिलिकेट काचेत बद्ध करतात. त्यामुळे इथल्या हिशोबाची सुरुवात, पाण्यात ही काच किती वेगाने विरघळते, या मोजमापापासून होते.